ओवाळून टाकायचं मीठ

माझा स्वभाव मुळात वाईट नाही, महिन्यातले काही दिवस तो वाईट होतो, हा शोध मला एकटीला जन्मात लागला नसता. तो लावला आमच्या शाळेतल्या खेळाच्या रामटेके बाईंनी. तोपर्यंत माझी सासू, माझा नवरा, आठवीतल्या पोरी आणि मी स्वतः, अशा सगळ्यांचं एकमत होतं की जोशी बाई म्हणजे जरा तिखटच प्रकरण आहे.

बाहत्तर-त्र्याहत्तरचा सुमार असेल. नागपुरातल्या मुलींच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते. एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत चहा आला, त्यात साखर कमी होती आणि मी रडायला लागले. साखरेसाठी! भूगोलाच्या बाईंनी मायेने विचारलं, "घरी काही झालं का हो?" तर त्यांच्यावर अशी खेकसले की त्यांच्या हातातली कपबशी वाजली. कोपऱ्यात व्हॉलीबॉलच्या फाटक्या जाळीला गाठी मारत रामटेके बाई बसल्या होत्या. त्यांनी जाळी खाली ठेवली.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"ग्राउंडवर. इथं बसल्या तर भूगोलवाल्या बाईले कच्ची खाऊन टाकसान तुम्ही."

मी का गेले कोण जाणे. बाईंच्या आवाजात शिट्टी होती, एवढंच म्हणता येईल. भर उन्हात त्यांनी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. स्वतःही शेजारून झपझप चालत राहिल्या. माझा पदर घामाने भिजला, श्वास लागला, आणि छातीवरचं काहीतरी खरंच हललं. मग कडुनिंबाखाली उभं राहून त्यांनी विचारलं, "तारीख जवळ आली नं?"

आमच्या घरी कावळा शिवला की चार दिवस बाजूला बसायचं, त्याला शब्द होते, नियम होते, वेगळी चटई होती. पण त्याच्या आधी जे अंगात शिरतं, छाती दुखते, पाय जड होतात, भांड्याचा आवाज झाला तरी जीव द्यावासा वाटतो, त्याला आमच्याकडे नावच नव्हतं. नाव नाही म्हणजे ते नाहीच. बाईंकडे नाव होतं. त्या त्याला 'आदले' म्हणत. आदले दिवस.

खांद्यावरच्या झोळीतून त्यांनी गूळ-शेंगदाण्याची पुडी काढून माझ्या हातावर रिकामी केली. "खा. जे बोलल्या ते तुमचे आदले बोलले. पण माफी मात्र तुम्हालेच मागा लागन."

मी माफी मागितली. भूगोलाच्या बाई आजतागायत माझ्या मैत्रीण आहेत.

बाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, अंगाने काटक. साडी नऊवारी नसूनही नऊवारीसारखी आवळलेली, केसांचा घट्ट अंबाडा आणि गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. जरीपटक्याच्या पलीकडून, इंदोऱ्याहून, त्या सायकलने यायच्या. वाटेतल्या बाजारात हातगाड्यांच्या गर्दीतून घंटी न वाजवता, नुसतं "हटा, हटा, बाप्पा" म्हणत वाट काढायच्या. त्यांचे आईवडील दोघंही गिरणीत. छप्पनच्या दसऱ्याला आईने शेजारणीची पांढरी साडी मागून आणली, नेसली आणि लेकीचा हात धरून दीक्षेच्या मैदानावर गेली. "त्या दिवशी मायनं कोणाले भ्यायचं नाही म्हणून सांगतलं. मी अजून तिचं ऐकून राहिली," असं त्या हसत सांगायच्या. हसल्या की त्यांचा एक तुटका दात दिसायचा. कॉलेजात धावताना पडल्या होत्या, तरी शर्यत जिंकल्या होत्या, आणि तो दात त्यांनी मुद्दाम बसवून घेतला नव्हता.

आदल्यांची विद्या त्यांनी आईकडून घेतली, थोडी खेळाच्या प्रशिक्षणात घेतली आणि उरलेली स्वतःच्या देहावर ताडून पाहिली. आई गिरणीत दिवसभर उभी असायची. ती म्हणायची, मशीन थांबत नाही, मग आपल्या पायाले तरी थांबाची सवय काहून लावावी? कंबर धरली तरी ती घरी चालत यायची, रात्री वीट गरम करून फडक्यात गुंडाळून पोटाशी घ्यायची आणि लवकर झोपायची. बाईंनी त्यात आपली भर घातली. रोज चालायचं, फक्त दुखल्यावर नाही. त्या दिवसांत चहा कमी. पापड, लोणचं, खारातल्या मिरच्या दूर ठेवायच्या, कारण मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. तीळ, शेंगदाणे, पालेभाजी, केळी खायची. पाठीवर पडून गुडघे पोटाशी घ्यायचे. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे एका तरी माणसाला सांगायचं की माझे आदले चालू आहेत.

हे सगळं त्या मुलींना उघड शिकवायच्या. शनिवारी कवायत झाली की मोठ्या मुलींना कडुनिंबाखाली बसवायच्या आणि सुरू करायच्या. सुरुवातीला पोरी ओढण्या तोंडात कोंबून हसायच्या. बाई थांबायच्या. "हसून घ्या. हसणंही चांगलंच असते त्याले." मग हसू संपायचं आणि प्रश्न सुरू व्हायचे. एकीने विचारलं, "बाई, यानं सगळं जाते का?"

"नाही वं. निम्मं जाते. उरलेल्या निम्म्याशी आपण भांडू."

हे 'निम्मं जाते' बाईंचं ब्रीदवाक्य होतं. कुठलाही वैद्य, कुठलाही बुवा आपल्या औषधाबद्दल इतकं खरं बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि निम्म्याच्या पलीकडे काय असतं तेही त्या जाणून होत्या. नववीतली एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी पांढरीफटक होऊन कोसळली तेव्हा मैत्रिणींनी धावत जाऊन बाईंच्या झोळीतला गूळ आणला. बाई कडाडल्या. "ठेवा तो तिकडं! रिक्षा आणा." पोरीला घेऊन त्या तडक डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. परत आल्यावर कडुनिंबाखाली सगळ्यांना सुनावलं, "गुळानं सगळंच होत असतं तर दवाखान्यात गुळाच्या भेल्या ठेवल्या असत्या. फार दुखलं, फार गेलं, जीव नकोसा झाला, तर माझ्याकडं नाही, डॉक्टरकडं जायचं. समजलं?"

आता विमलबद्दल सांगते, कारण बाई खऱ्या कळल्या त्या विमलच्या वेळी.

विमल ढोबळे नरखेडकडच्या एका खेड्यातली. वडिलांचा संत्र्यांचा बगीचा, विहीर, घरची खाऊनपिऊन सुखी माणसं. शिकायला म्हणून ती जुन्या शुक्रवारीत मामा-मामींकडे राहायची. दहावीत माझ्या वर्गात होती आणि खो-खोच्या संघात खांबावर खेळायची. ती धावली की मैदानाच्या कडेला चणे विकणारासुद्धा पुडी बांधायचा थांबायचा. पण महिन्यातले काही दिवस ही पोरगी ओळखू यायची नाही. चेहरा सुजल्यासारखा, डोळे भरलेले, आणि तोंडाला फणा. आदल्या वर्षीच्या स्पर्धेत पंचांनी तिला फाउल दिला. तिने मूठभर माती उचलून त्यांच्या अंगावर उधळली आणि सामना अर्धवट सोडून निघून गेली. आम्ही हरलो. गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. नरखेडपर्यंत बातमी गेली ती अशी, की ढोबळ्यांची पोरगी शहरात जाऊन बैताड झाली, डोकं फिरलं तिचं.

वडिलांनी निरोप धाडला. यंदाच्या सामन्याला ते स्वतः येणार. पोरीने पुन्हा तमाशा केला तर संध्याकाळच्या एसटीने तिला घेऊन जाणार. मुलगा पाहून ठेवलेला होता. विमलला शिकायचं होतं, बाईंसारखी खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. तिने हे मला नाही, बाईंना सांगितलं, आणि सांगताना बाईंची शिट्टी हातात घट्ट धरून ठेवली होती.

आणि नशिबाचा खेळ असा, की तीन महिन्यांनी होणारा सामना, तारखा मोजून पाहिल्या तर, नेमका तिच्या आदल्यांत येत होता.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, घाबरट नव्हत्या, पण शाळेच्या नावाला फार जपायच्या. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. वर्गशिक्षिका म्हणून मीही होते. "रामटेके, त्या मुलीला यंदा बाहेर बसवा. त्या दिवसांत तिचा भरवसा नाही."

बाई शांत उभ्या होत्या. "बाई, त्या दिवसात बायका भाकरी थापते, कापूस वेचते, गिरणीत उभ्या राहते. तेव्हा कोणी म्हणत नाही, भरवसा नाही, बाहेर बसा. खेळालेच काहून?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "जबाबदारी तुमची."

"माझीच हाय," बाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी जुन्या शुक्रवारीत गेलो. मामा एसटीत कंडक्टर, ड्यूटीवर होते. मामी गोऱ्या, गोल, बोलक्या आणि विमलवर जीव टाकणाऱ्या. त्यांनी नाव-गाव विचारलं, बाईंनी इंदोरा सांगितलं, रामटेके सांगितलं. मग पाणी आलं. मला स्टीलच्या पेल्यात आणि बाईंना खिडकीतल्या कोपऱ्यात वेगळ्या ठेवलेल्या काचेच्या ग्लासात. माझं टाळकं सणकलं. बाईंनी ग्लास पाहिला, गटागटा रिकामा केला आणि पुढे धरला. "उन्हातून आली. आणखी द्या."

मामी विमलचं सांगू लागल्या. "बाई, पोरीले दर महिन्याले दृष्ट लागते. तोंड सुजते, हातातली बांगडी रुतते. मंग मी मीठ-मोहरी ओवाळते अन् चुलीत टाकते. दोन-चार दिवसांत उतरते पाहा दृष्ट. दर खेपेले उतरते!"

उतरायचीच. पाळी आली की उतरणारच होती ती. मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझा पाय दाबला.

"मामी," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाले खोटं नाही सांगणार. आम्ही बुद्धाचे लोक, दृष्टबिष्ट मी मानत नाही. माझ्या मते हे तिच्या आदल्या दिवसाचं दुखणं हाय. पण मले एक सांगा, त्या दिवसात तुम्ही तिले खाऊ काय घालता?"

मामी फुलल्या. पोरीला तेव्हा खारटच आवडतं, म्हणून लिंबाचं लोणचं, तळलेले पापड, खारातल्या मिरच्या, चिवडा, सगळं मामी पुढे करायच्या. रुसलेली पोर निदान खाते तरी! वर दोन-तीनदा चहा.

"म्हणजे बाहेरून मीठ ओवाळून काढता, अन् आतून मीठ घालता," बाई म्हणाल्या. "दृष्ट म्हणा का दुखणं म्हणा, जाईन कसं ते? असं करा. तुमचा जीव मानत नसेल तर ओवाळा, मी कोण नाही म्हणणारी. पण मीठ तिच्या ताटातलंच घ्या. तिच्या वाट्याचं लोणचं, पापड, सगळं बाजूला काढा. अन् एकदा ओवाळून टाकलं ते परत तिच्या पोटात जाऊ द्याचं नाही."

मामी लोणच्याच्या बरणीकडे बघायला लागल्या. हिशेब त्यांच्या मनाला पटलेला मला दिसत होता. ओवाळून टाकलेली वस्तू पुन्हा पोटात घालायची, हे पाप त्यांच्या हातून होणं शक्यच नव्हतं.

बाहेर आल्यावर मी ग्लासावरून भडकले. बाईंनी सायकलचं कुलूप काढता काढता विचारलं, "आज तुमचे आदले नाहीत नं?"

"मुळीच नाहीत!"

"मंग हा राग खरा हाय. ठेवून द्या, कामी येईन."

तिथून पुढे मामी अशा कामाला लागल्या की विचारू नका. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. चहाच्या जागी ताक आलं, तेही अळणी. विमल सांगायची, "बाई, मामी माह्या मागं पालकाची भाजी घेऊन फिरून राहिली." रात्री दिवे मालवले जायचे आणि फडक्यातली गरम वीट पायथ्याशी हजर व्हायची. सकाळी विमल तलावापर्यंत चालायला निघायची आणि तिला एकटी कशी सोडायची म्हणून मामीही पायांत मामांचे कॅनव्हासचे बूट घालून सोबत निघायच्या. पहिला महिना फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या महिन्यात विमलची बांगडी रुतली नाही. ती रडली, पण भांडली नाही. "निम्मं गेलं," बाई म्हणाल्या आणि तिसऱ्या महिन्यात सामना आला.

थंडीचे दिवस होते. मैदानाच्या एका कडेला विमलचे वडील येऊन बसले. डोक्याला पांढरी टोपी, शेजारी संत्र्यांची टोपली, चेहरा असा की मयताला आलेत. त्यांच्या बाजूला मामा-मामी. विमलचा चेहरा त्या सकाळी थोडा सुजलेला होताच. सामन्याआधी ती बाईंना म्हणाली, "बाई, मले रडू येऊन राहिलं."

"मंग रड," बाई म्हणाल्या. "पाय थांबवू नको, बस."

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या डावात आम्ही पाठलागावर होतो आणि त्यांची एकच गडी उरली होती. ती बाद झाली तर आम्ही जिंकणार होतो. हरणीसारखी पोर होती ती, पाटीतून अशी निसटायची की आमच्या मुली रडकुंडीला आल्या. विमलला खो मिळाला, ती झेपावली, हात लागला, आम्ही सगळ्या ओरडत उठलो आणि पंचांची शिट्टी वाजली. फाउल. विमलचा पाय रेषेपलीकडे गेला होता म्हणे. मी शपथेवर सांगते, गेला नव्हता.

गेल्या वर्षी हेच झालं होतं. विमल खाली वाकली, तिने बोटं मातीत रुतवली. तिच्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मामींनी डोळे मिटले. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात शिट्टी होती आणि त्या वाजवत नव्हत्या, नुसत्या चावत होत्या.

विमलने मूठ उघडली. माती तळहातांवर चोळली, घाम पुसावा तशी. मग ती उठली, नियमाप्रमाणे मागे आली आणि पुन्हा धावायला लागली. ती रडत होती. ढसाढसा, नाक ओढत, सगळ्यांसमोर रडत होती आणि धावत होती. खांबाशी पोचली, एका हाताने खांब धरला, देह आडवा हवेत टाकला आणि त्या हरणीच्या पाठीला बोट लावलं. पंचांचा हात वर गेला. बाद!

मी आयुष्यात इतकी कधी ओरडले नाही. मराठीची बाई असून माझ्या तोंडून धड एक शब्द निघाला नाही. मोठ्या बाईंनी भूगोलाच्या बाईंना मिठी मारली. पोरींनी विमलला उचललं आणि ती वरून अजून रडतच होती, हसतही होती. तिचे वडील उठले, टोपी घातली आणि टोपलीतलं एकेक संत्रं दोन्ही संघांच्या मुलींच्या हातात देत फिरले. विमलपाशी आले तेव्हा म्हणाले, "मॅट्रिक कर. मंग पाहू." संध्याकाळच्या एसटीने ते एकटेच गेले. विमलने मॅट्रिक केलं, पुढे खेळाचं शिक्षण केलं, आणि आज भंडाऱ्याकडे एका शाळेत तिच्या गळ्यात शिट्टी असते.

सामन्यानंतरच्या उन्हाळ्यात बाईंना चंद्रपूरला नोकरी मिळाली. त्यांच्या मिस्टरांची तिकडेच बदली झाली होती. निरोपसमारंभ झाला, हार झाले, भाषणं झाली, त्यातलं मला काही आठवत नाही. माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या सामन्याच्या संध्याकाळच्या बाई.

मैदान रिकामं होत आलं होतं. बाईंनी जिंकलेली ढाल सायकलच्या कॅरिअरवर सुतळीने बांधली होती आणि त्या निघणार, तेवढ्यात मामी पदर सावरत, धापा टाकत आल्या. त्यांची मूठ बंद होती.

"बाई, थांबा. एवढ्या लोकांचे डोळे होते तुमच्यावर."

मामींनी मूठ उघडली. मीठ आणि मोहरी. ते पाहून मी बाईंकडे पाहिलं. ज्या बाईने आईचा हात धरून हे सगळं मागे टाकलं होतं, तिच्यापुढे ही मूठ! बाईंनी सायकल स्टँडवर लावली.

"मामी, मी मानत नाही, माहीत हाय नं तुम्हाले?"

"तुम्ही नका मानू," मामी म्हणाल्या. "मी मानते."

आणि मामींनी मूठ बाईंवरून ओवाळली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, तोंडाने काहीतरी पुटपुटत, अगदी पोटच्या पोरीवरून ओवाळावी तशी. मीठ दूर फेकलं. मग त्यांनी आपले दोन्ही हात उचलले, बाईंच्या घामेजलेल्या, धुळीने माखलेल्या चेहऱ्यावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडकडा बोटं मोडली. मला खिडकीतला तो काचेचा ग्लास आठवला आणि मी पदराने डोळे पुसले. माझे आदले नव्हते, मी खात्रीने सांगते.

बाईंच्या डोळ्यांतही पाणी होतं. पण बाईच त्या. तुटका दात दाखवत हसल्या.

"झालं नं? आता हात धुऊनच स्वयंपाकाले लागा मामी. नाहीतर तेच मीठ भाजीत जाईन."

"बाई, तुम्ही चला नं जेवाले," मामी म्हणाल्या. "अळणीच हाय सगळं. ताटही आमच्याच ताटांतलं मांडते."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, शिट्टी तोंडात धरली आणि जोरात वाजवली. मग कॅरिअरवरची ढाल सोडून मामींच्या हातात दिली, मागे बसायला जागा करून दिली आणि म्हणाल्या, "बसा."

जुन्या शुक्रवारीकडे ती सायकल गेली. पुढे रामटेके बाई पॅडल मारत होत्या आणि मागे मामी, मांडीवर ढाल घेऊन, रस्त्यातल्या लोकांना "हटा, हटा, बाप्पा" म्हणत होत्या.